मालक, तुम्ही आता उद्योजक व्हा

निरोप आला की नाही म्हणू नका, मालक. 'शेतकरी ते उद्योजक', एका दिवसाचं प्रशिक्षण. चहा, नाश्ता, जेवण आणि वर एक पिशवी. जागा तालुक्याचं मंगल कार्यालय. कालच्या लग्नाचं 'सुस्वागतम्' अजून लटकतंय, त्याच्याच खाली बॅनर बांधलाय. पहिल्या रांगेत बसू नका, ती फोटोतल्या लोकांची. कूलरजवळ नको, पाणी उडतं. तिसरी रांग बरी. मोबाइल तेवढा बंद ठेवा, नाहीतर ऐन 'वेळेचं व्यवस्थापन' रंगात आलेलं असताना घरून फोन येतो: लाइट आली, मोटार कोण चालू करणार?

पहिला तास स्वॉटचा. फळ्यावर चार चौकोन. बलस्थानं, उणिवा, संधी, धोके. धोक्यात रानडुक्कर लिहा, पाऊस लिहा, शंखी गोगलगाय लिहा. सरकारी धोरण मात्र लिहू नका. २०२१ ला सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलं, तर ऑगस्टात केंद्रानं १२ लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली आणि डिसेंबरात बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीनं सोयाबीनचे वायदेच, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदेच, थांबवले. मग या बंदीची मुदत संपत आली की पुढं ढकलत नेली. हे धोक्यात बसत नाही, शिकवणारे साहेब त्याला 'नकारात्मक मानसिकता' म्हणतात. दुपारी हेच साहेब सांगतील की भावाची जोखीम नको असेल तर वायदेबाजारात हेजिंग करा, म्हणजे पुढचा भाव आजच पक्का करा. तेव्हाही हात वर करू नका. जेवणाची रांग लांबते.

आता मुख्य विषय, हिशेब. एक छापील वही मिळेल आणि सांगतील, रुपया न् रुपया लिहा. इथं फार सावध राहा. आपल्याकडं कुणाला विचारलं, यंदा कसं झालं, तर तो म्हणतो, "बॅगाला आठ कट्टे." म्हणजे बियाण्याच्या एका बॅगेला आठ पोती माल. किती शहाणं उत्तर आहे! त्यात रुपया कुठंच येत नाही, माणसाला झोप लागते.

मी एकदा लिहिलं. २०२४ चा खरीप, एक एकर सोयाबीन. नांगरणी-पाळी ३,०००, बॅग ३,०००, पेरणी ८००, खत १,७००, तणनाशक १,५००, तीन फवारण्या ३,०००, काढणीचं गुत्तं (ठरवून दिलेलं काम) ४,५००, मळणी आणि वाहतूक २,०००. झाले १९,५००. माल पाच क्विंटल, भाव ४,२००, आले २१,०००. म्हणजे चार महिन्यांत दीड हजार नफा! महिन्याला ३७५ रुपये पगार झाला की. मी खूश होऊन वही बायकोला दाखवली. ती म्हणाली, "मी दहा दिवस खुरपायला होते, ते कुठं लिहिलंय?" बाहेरची बाई लावली असती तर तीनशे रोजानं ३,०००. झाला दीड हजार तोटा. त्या रात्रीपासून वही माळ्यावर आहे.

तुम्हाला वाटेल हे दिल्लीत कुणाला माहीत नसेल. चांगलं माहीत आहे. कृषी खर्च व मूल्य आयोग घरच्यांची मजुरी धरून एक खर्च काढतो, 'ए टू अधिक एफएल'. आपल्याच जमिनीचं भाडं आणि आपल्याच भांडवलाचं व्याज त्यात घातलं की होतो 'सी टू'. दीडपट हमीभाव म्हणतात तो पहिल्याच्या दीडपट. दुसरा आकडा अहवालात नांदतो. तेव्हा तुम्हीही अशाच दोन वह्या ठेवा, आणि साहेबांना दाखवायला तिसरी.

पुढचं सत्र, 'घाईनं विकू नका'. हे ऐकताना मान जोरात हलवा, साहेबांना हुरूप येतो. त्या २०२४ साली सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२. खरेदी केंद्राची अट, ओलावा बारा टक्क्यांच्या आत. पावसानं भिजलेलं सोयाबीन बारावर येईना, आणि लक्ष्मीपूजन आलं १ नोव्हेंबरला. कृषी केंद्राची उधारी, पोरांचे कपडे, काढणीवाल्यांचे पैसे. आडत्यानं ४,२०० नं पट्टी हातावर ठेवली, वर कडता, म्हणजे वजनातली सूट, कापला तो वेगळाच. मग नोव्हेंबरच्या मध्यावर, विधानसभेचं मतदान २० तारखेला असताना, आदेश निघाला की १५ टक्के ओलावाही चालेल. आम्ही तोवर फराळ संपवून बसलो होतो. पंधरा दिवस कळ काढली असती तर? चूक तुमचीच. याला मार्केट टायमिंग म्हणतात, आणि ते तुम्हाला येत नाही.

शेतकऱ्यांची कंपनी काढायचा आग्रह झाला तर काढा. दहा शेतकरी लागतात, पाच तरी संचालक लागतात, म्हणजे निम्मा गट एका दिवसात संचालक. लेटरहेड छापा. पहिला नफा सीएला द्यावा लागतो, दुसऱ्याची वाट आम्ही अजून पाहतोय.

पशुपालनाचं सत्र छोटं असतं. "शेळी म्हणजे चालतं-बोलतं एटीएम," साहेब म्हणतील. टाळी वाजवा. हे एटीएम शेजाऱ्याच्या तुरीत घुसतं आणि पैसे तुमच्याकडून निघतात, ही तांत्रिक बाब आहे.

शेवटी प्रमाणपत्र, ग्रुप फोटो आणि तो प्रश्न: "पुढच्या वर्षी काय वेगळं करणार?" ड्रॅगन फ्रूट म्हणा. पाणी कुठून आणणार, असं कुणी विचारत नाही. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी मागवलेल्या लातूर शहराच्या आसपास राहून तुम्हीही विचारू नका.

मग चहाच्या वेळी साहेब तुम्हाला बाजूला घेतील. गळ्यातलं ओळखपत्र खिशात टाकतील आणि हळूच सांगतील, "माझंही चार एकर आहे औशाकडं. मागचा बटईवाला, वाट्यानं कसणारा, सोडून गेला. तुमच्याकडं ठोक्यानं, ठरलेल्या रकमेवर कसायला, एकरी काय चाललंय? कुणी करणारा असला तर बघा."

आकडा दोन हजारांनी चढवून सांगा. वाटाघाटी हा त्यांचाच विषय आहे, दुपारी दोनला झाला, तुमचा डोळा लागला होता तेव्हा.