माउलींनाही शुद्धिपत्र लागलं होतं

माझ्या नावात ‘ज्ञ’ आहे, ही चूक वडिलांची. वारी कधी चुकवली नाही, पोराचं नाव ज्ञानेश्वर ठेवलं आणि सव्वा एकर भात नि हे जोडाक्षर माझ्या गळ्यात घालून वैकुंठाला गेले.

परवा किसान सन्मानचा हप्ता अडला म्हणून सेवा केंद्रात गेलो. खुर्चीतल्या पोरानं माझ्याकडे न बघताच निकाल दिला, “मॅच आगवल्दु री,” म्हणजे जुळंना. आधारवर मी डी-एन-वाय, म्हणजे डन्यानेश्वर. उताऱ्यावर, म्हणजे इकडच्या, कर्नाटकातल्या पहाणीवर, कानडीतून इंग्रजीत गेलेला जे-एन, ज्नानेश्वर. बँकेत उत्तरेकडच्या कुणा साहेबानं प्रेमानं ग्यानेश्वर करून ठेवलेलं. सीमा कुठून जाते याचा वाद १९५६ पासून चाललाय, २००४ पासून दिल्लीच्या कोर्टात आहे. मला विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं, माझ्या नावाच्या पहिल्या अक्षरातनं जाते.

“काय अडलंय?” मागून आवाज आला. मामा कुणाचे ते माहीत नाही. गळ्यात माळ, गालात तंबाखू.

“नाव जुळंना मामा.”

“कुठलं?”

“ज्ञानेश्वर.”

मामांनी आधी हात जोडले, मग हसले. “अरे, माउलीनं रेड्याच्या तोंडनं वेद वदवला, आणि तुला एका मशीनकडनं नाव वदवून घ्यायला येईना?”

रांग हसली. मीही हसलो. अशा ठिकाणी रागावलं की आपलाच कागद तळाला जातो.

“मग आता काय करूलालास?”

“अफिडेव्हिट पाहिजे म्हणे. तिघंही एकच, असं.”

“बरोबर हाय की! माउलींनापण शुद्धिपत्रासाठी पैठणला जावं लागलं. तुझं पैठण तालुक्याला, एवढाच फरक.” मग सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं, “आणि त्यांना तर हप्तापण नव्हता!”

हप्ता तरी केवढा? वर्षाचे ६०००, तीन वेळा दोन-दोन हजार. २०१९ च्या फेब्रुवारीत सुरू झाला तेव्हा दोन हजार, आजही दोन हजारच. डीएपीचं एक पोतं १३५० ला, युरियाची दोन, उरलेल्यात चहा. तेही युरिया छापील दरानं मिळाला तर. आमचा दुकानदार म्हणतो, युरिया पाहिजे तर ही बाटली घ्या. बाटलीत काय आहे ते त्यालाही सांगता येत नाही. नको म्हटलं की स्टॉक संपतो. सरकार खताला अनुदान देतं, मी बाटलीला देतो. येडियुरप्पांनी मुख्यमंत्री असताना वरून राज्याचे ४००० घातले होते, ते २०२३ ला आलेल्या सरकारनं बंद केले. बंद करताना मात्र कुणाचं नाव जुळतंय का ते बघितलं नाही.

अफिडेव्हिट नंतर केलं. स्टॅम्प, टायपिंग, नोटरी, बस आणि एक दिवस मोडला. हिशेब अर्ध्यात सोडला, कारण पुढं राग यायला लागला. कागद कानडीत. मी कोण आहे ते त्यात लिहिलंय म्हणे. विश्वासानं सही केली.

तर त्या दिवशी मामांचा नंबर आला. त्यांचं नाव सगळीकडे चोख जुळलं, पण ई-केवायसीला अंगठा उठेना. चाळीस-पन्नास वर्षं रोप लावून नि विळा धरून अंगठ्यावरच्या रेषा कधीच पुसल्या होत्या. तीनदा लाल दिवा. “कपाळाला घासा,” पोरगा म्हणाला. मामांनी घासला. कपाळ कोरडं ठणठणीत.

मामा वळले. न विचारता माझ्या डोक्यात अंगठा घातला आणि भांगातनं दोनदा फिरवला. “तेल लावतोस ते बरं करतोस.”

हिरवा दिवा.

“आलं बघ! माउलीची कृपा!” म्हणत मामा एसटी गाठायला गेलेसुद्धा. डोक्याला तंबाखूचा वास दुसऱ्या दिवशीही होता. हप्ता अजून नाही.