चार लाखांचे पाच लाख चाळीस हजार कसे झाले

आज शेजारच्या काकूंनी बँकेचा कागद हातात दिला. मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी शैक्षणिक कर्ज, चार वर्षं, दर वर्षी एक लाख उचललेले. कागदावर बाकी ५,४०,०००. "अजून एक हप्तासुद्धा चुकवला नाही, मग हे वरचे कुठले?"

हप्ता सुरूच झाला नव्हता. व्याज मात्र पैसे उचलल्या दिवसापासून चालू होतं. शिकत असताना आणि पुढे एक वर्ष हप्ता नाही, एवढंच घरच्यांना सांगितलं जातं. १० टक्के सरळ व्याजाने पहिल्या लाखाचे पाच वर्षांत ५० हजार, दुसऱ्याचे ४०, तिसऱ्याचे ३०, चौथ्याचे २०. झाले १,४०,०००. ते मुद्दलात मिळाले आणि दहा वर्षांसाठी हप्ता बसला ७,१३६ रुपये.

पहिल्या वर्षी महिन्याला ८३३ रुपये व्याज भरलं असतं, मग १,६६७, मग २,५००, शेवटची दोन वर्षं ३,३३३, तर मुद्दल चार लाखच राहून हप्ता ५,२८६ आला असता. शिवाय असं व्याज भरणाऱ्याला अनेक बँका दरात एक टक्का सूट देतात. सही घेताना हे सांगायला पाच मिनिटं लागतात हो! आठवीत चक्रवाढ व्याज शिकवतो आपण, पण घरात पहिल्यांदाच कर्ज काढणाऱ्या बापाला समोर बसवून हा हिशोब कुणी करून दाखवत नाही.

तारण न घेता चार लाख बँकेशिवाय कुणी दिले नसते, हेही खरं.

पण काकांचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आहे. अशा घरांसाठी केंद्राची व्याज अनुदान योजना आहे, कोर्स तांत्रिक वा व्यावसायिक आणि मान्यताप्राप्त हवा. या पाच वर्षांचं सगळं व्याज सरकार भरतं. बँकेला उत्पन्नाचा दाखला द्यायचा आणि शाखेने दावा पाठवायचा, बस्स. दाखला काढलेला होता. तो कॉलेजच्या प्रवेशाच्या फाइलमध्ये पडून राहिला, बँकेत कधी पोचलाच नाही. याचा फार राग येतो.

ती पोरगी सिव्हिल शिकली. एम.टेक. करायचं होतं, त्यासाठीच्या 'गेट' या प्रवेश परीक्षेची तयारी करत होती. हप्त्याचा कागद आला आणि तिने १८ हजारांची कॉल सेंटरची नोकरी धरली. फी किती, यावरून शिक्षणाची शाखा ठरते आणि हप्ता किती, यावरून शिक्षण कुठे थांबायचं ते ठरतं. तिच्या टेबलावर गेटची पुस्तकं अजून तशीच उघडी आहेत.

काकूंचा पुढचा प्रश्न, मुदत १५ वर्षं करून घेऊ का? हप्ता ५,८०३ होईल, पण एकूण जवळपास एक लाख नव्वद हजार जास्त जातील. काकू, अगदीच ओढाताण झाली तरच घ्या. घेतली, तर हातात चार पैसे आले की मुद्दलात भरत चला आणि भरताना 'मुद्दलात जमा' असं लेखी द्या. व्याजाचा बदलता दर असेल तर आधी फेडल्याचा दंड लागत नाही. आणि व्याज अनुदानाचं काय झालं, ते उद्याच शाखेत लेखी विचारा. दाखल्याची झेरॉक्स सोबत न्या.