‘दिसेल ती प्रोसेस बंद करा’ हा सल्ला पाळू नका

लॅपटॉप तापण्यावरचा एक मेसेज सध्या आपल्या सोलापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. त्यातलं सांगणं असं: बॅटरी भराभर उतरत असेल तर टास्क मॅनेजर (विंडोजमध्ये काय काय चालू आहे ते दाखवणारी खिडकी) उघडा आणि मागे चालू असलेल्या, दिसतील त्या प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम, बंद करा. सगळ्यांत जास्त प्रोसेसर खाणारी ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’ आधी मारा. अँटीव्हायरस कायमचा बंद ठेवा. तरीही तापला तर पाच मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. खाली पुस्ती, की सोलापूरच्या उन्हापुढे कुणाचं चालत नाही. मी लॅपटॉप दुरुस्त करतो. हे उपाय करून झालेली मशीन माझ्या टेबलावर येतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आयडल म्हणजे रिकामा. त्या ओळीसमोर ९५ दिसलं तर प्रोसेसरचा तेवढा टक्के वेळ मोकळा गेला, एवढाच अर्थ. आकडा जितका मोठा तितकं चांगलं. ती ओळ बंद करताही येत नाही. पण तिच्या नादात लोक शेजारच्या विंडोजच्या मूळ प्रोसेसना हात घालतात आणि निळा पडदा येऊन मशीन बंद पडतं, न साठवलेलं काम जातं.

आता ‘दिसेल ती बंद करा’. जुळे सोलापुरातली एक विद्यार्थिनी लॅपटॉप घेऊन आली. म्हणाली, “काका, मेसेजात सांगितलं तसं सगळं बंद केलं, तरी पंखा थांबंना.” काहीही उघडलेलं नसताना कीबोर्डची डावी बाजू हाताला चटका देत होती. टास्क मॅनेजरमध्ये ‘सीपीयू’ (म्हणजे प्रोसेसर) या शीर्षकावर क्लिक केलं, म्हणजे जास्त खाणारी प्रोसेस वर येते, आणि पाच मिनिटं कशालाही हात न लावता बघत बसलो. बाकीचे आकडे वरखाली होत होते. एक मात्र २५ च्या आसपास खिळून होता: ‘स्पूलर सबसिस्टिम अ‍ॅप’. तिच्या मशीनला चार लॉजिकल प्रोसेसर, म्हणजे विंडोजच्या हिशेबात काम करणारे चार हात. त्यातला एक पूर्ण अडकला की एकूण आकडा २५ टक्के दाखवतो. असा न हलणारा आकडा म्हणजे काहीतरी एकाच जागी गरगर फिरतंय.

स्पूलर छपाईचं काम बघतो. तिनं प्रोजेक्टची प्रिंट अर्ध्यावर सोडून प्रिंटरच काढून टाकला होता आणि ती अर्धवट फाइल आत तशीच अडकली होती. तिनं स्पूलर दोनदा बंदही केला होता. विंडोज तो आपोआप पुन्हा सुरू करतं, आणि सुरू झाला की तो तीच फाइल पुन्हा हातात घेतो. मी विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’ या यादीत जाऊन प्रिंट स्पूलर थांबवला, सिस्टिम ३२ मधल्या स्पूल फोल्डरातलं ‘प्रिंटर्स’ रिकामं केलं आणि तो पुन्हा चालू केला. थोड्याच वेळात पंखा शांत झाला. प्रोसेस मारून कारण जात नाही, ते शोधावंच लागतं.

अँटीव्हायरस तपासणी करताना प्रोसेसर खातो, हे खरं. तपासणी संपली की थांबतो. मोठ्या अपडेटनंतर किंवा खूप फाइली कॉपी केल्यावर सर्च इंडेक्सरही (फाइली पटकन सापडाव्यात म्हणून त्यांची सूची करणारा) बराच वेळ राबतो. अशा वेळी चार्जर लावून त्यांना त्यांचं काम उरकू द्या. रोजच तसं होत असेल तर मात्र शोध घ्या. संरक्षण काढून टाकणं हा उपाय नव्हे.

फ्रीजचा सल्ला तर ताबडतोब पुसून टाका. फ्रीजमधली बाटली बाहेर काढली की तिला घाम फुटतो. तसंच पाणी लॅपटॉपच्या बोर्डावर धरतं.

राहिलं ऊन. मे महिन्यात पारा ४३ च्या वर जातो आणि बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, तेव्हा उन्हाचा वाटा आहेच. पण सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, जानेवारीच्या थंडीतही तो असाच तापत होता का, हे आठवून बघा. तापत असेल तर दोष हवेचा नाही. आणखी एक सवय मी घरोघरी बघतो: पलंगावर सोलापुरी चादर आणि चादरीवर लॅपटॉप. जाड सुताने खालच्या जाळ्या बंद होतात, वर तंतू पंख्यात जाऊन बसतात. लाकडी पाट घ्या, त्यावर लॅपटॉप ठेवा, आणि मग टास्क मॅनेजर उघडून पाच मिनिटं नुसतं बघा.