तीन दिवसांत तक्रार नाही केली तर बाद? कुठल्या कायद्यात लिहिलंय हे?

आमच्या फॅमिली ग्रुपवर आत्याने एक मेसेज टाकला. "प्रत्येक आईने आपल्या मुलीला वाचून दाखवा." वर लाल सायरन, खाली जोडलेले हात, आणि शेवटी "एका ज्येष्ठ वकिलांकडून साभार". हाच मेसेज सोसायटीतल्या बायकांच्या ग्रुपवर येऊन गेला होता, ट्रेनच्या ग्रुपवरही आला होता, आणि मी नेहमीप्रमाणे सोडून दिला होता, कोण वाद घालत बसणार. पण मग भाची बोलली. ती कळव्याहून ठाण्याला कॉलेजला येते. आदल्या आठवड्यात स्टेशनच्या पुलावर एकाने गर्दीचा फायदा घेऊन तिच्या अंगाला हात लावला, तेव्हा तिने घरी कोणाला सांगितलं नाही, आणि आता सांगतेय ते कसं, तर "मावशी राहू दे ना, तीन दिवस होऊन गेले, आता घेतच नाहीत तक्रार, ग्रुपवर आलंय की."

म्हणून लिहितेय. डोकं फिरलंय, तेव्हा भाषा सांभाळून घ्या.

मेसेज आला नाही असं कोणी असेल असं वाटत नाही, तरी थोडक्यात सांगते. म्हणे नव्या कायद्यात छेडछाडीची तक्रार तीन दिवसांच्या आत आणि जिथे घडलं त्याच हद्दीत करावी लागते, नाहीतर बाद. तक्रार केली की मुलीचं नाव रेकॉर्डवर चढतं आणि पुढे पासपोर्ट, व्हिसा, लग्न सगळं अडतं. म्हणून दुर्लक्ष करणं उत्तम, प्रतिक्रिया दिली नाही की तो माणूस आपोआप थांबतो. हात उचलला तर उलट मुलीवरच केस. उशिरा बाहेर पडू नये, कपडे सांभाळावेत. अशा बहुतेक केसेस खोट्या असतात, कोर्टात सुटतातच. आणि शेवटी एक नंबर, ह्यावर फोन केला की रात्री पोलीस फुकट घरी सोडतात.

तीन दिवसांचा मुद्दा आधी घेते, सगळ्यात जास्त नुकसान तोच करतोय.

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले हे खरं. आयपीसीचं, म्हणजे जुन्या दंड संहितेचं, ३५४ (विनयभंग) आता भारतीय न्याय संहितेत कलम ७४ झालं, ५०९ (घाणेरडं बोलणं, इशारे) चं ७९ झालं, पाठलागाचं ७८. पण तीन दिवसांची मुदत वगैरे ह्यात कुठेही नाही. जे आहे ते वेगळंच आहे. सीआरपीसीच्या, म्हणजे पोलीस-कोर्टाच्या कामकाजाच्या जुन्या कायद्याच्या, जागी जी नागरिक सुरक्षा संहिता आली तिच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय की तक्रार ऑनलाइन किंवा ईमेलने पाठवली तर तीन दिवसांत जाऊन तिच्यावर सही करायची. बाईला लगेच पोलीस स्टेशनची पायरी चढावी लागू नये म्हणून दिलेली सोय आहे ती! बहुतेक ह्या ज्येष्ठ वकिलांनी (असलेच तर) ते अर्धवट वाचलं आणि सोयीची धमकी करून टाकली.

मुदत नसतेच असं नाही म्हणत मी. पण ती कोर्टाने दखल घेण्यासाठी असते, आणि ती वर्षांत मोजतात. ज्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत शिक्षा त्याला एक वर्ष, तीन वर्षांपर्यंत शिक्षा असेल तर तीन वर्षं, त्याहून जास्त शिक्षा असेल तर मुदतच नाही. आता कलम ७४, म्हणजे विनयभंगाच्या हेतूने अंगावर हात टाकणं, ह्याला कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त पाच वर्षं शिक्षा आहे. म्हणजे मुदत नाही. ७९, घाणेरडं बोलणं, इशारे, हावभाव, ह्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा, म्हणून मुदतही तीन वर्षं. आणि माझी भाची आठवडाही उलटला नसताना "आता काही होणार नाही" म्हणून गप्प बसलीय, कशाच्या जोरावर, तर एका सायरनवाल्या मेसेजच्या.

एवढं मात्र मान्य, लवकर गेलेलं बरं. स्टेशनचं, रस्त्यावरचं सीसीटीव्ही फुटेज काही कायम ठेवत नाहीत, पुसलं जातं, आणि आपल्यालाही शर्टाचा रंग वगैरे आठवेनासा होतो. पण "लवकर जा" आणि "आता जाऊच नका" ह्यात फरक आहे ना?

हद्दीचं तर विचारूच नका. ठाणे स्टेशनवर फलाट आणि पूल लोहमार्ग पोलिसांकडे, बाहेर आलात की शहर पोलीस. सॅटिसच्या (स्टेशनबाहेरच्या बसच्या उंच पुलाच्या) जिन्यावर काही झालं तर कुठली पायरी कोणाची हे मुलीने मोजत बसायचं का? कलम १७३ मध्येच स्पष्ट लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती दिली की नोंदवून घ्यायची. ह्यालाच झिरो एफआयआर म्हणतात. नोंद करा आणि मग तुमचं तुम्ही ज्याचं त्याला पाठवा. आणि छेडछाडीच्या ह्या सगळ्या कलमांत त्या मुलीची तक्रार महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते, हेही त्याच कलमात आहे. मेसेजमध्ये ते मात्र आलं नाही.

आता पासपोर्ट. हे वाचून मला आधी हसूच आलं. अहो, एफआयआरमध्ये दोन बाजू असतात, एक आरोपी आणि एक फिर्यादी. पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनला विचारतात ते तुमच्यावर काही गुन्हा दाखल आहे का. तुम्ही कोणावर केला का, असं नाही विचारत. तुमच्या घरी चोरी झाली आणि तुम्ही तक्रार केलीत तर तुमचा व्हिसा अडतो का? मग इथे का अडेल? व्हिसा अडायचाच तर त्या पुलावरच्या माणसाचा अडू दे. लग्नाचं काय ते मला माहीत नाही बुवा, पण तक्रार केली म्हणून ज्या घरातून नकार येईल त्या घरात मुलगी द्यायची कशाला हा विचार आत्याने करावा. पेपरात नाव येण्याची भीती मी समजू शकते. ती पूर्ण खोटी नाही, कारण नाव उघड न करण्याचं जे सक्त कलम आहे ते मुख्यतः बलात्काराच्या गुन्ह्यांपुरतं आहे. पण विनयभंगाच्या बातमीतही पेपरवाले सहसा नाव देत नाहीत, "२० वर्षीय तरुणी" एवढंच असतं, कोणताही पेपर उघडून बघा.

"दुर्लक्ष करा, आपोआप थांबतो."

हे ज्याने लिहिलं तो माणूस (बाई नाही, पैजेवर सांगते) संध्याकाळी साडेसहाला ठाण्याच्या पुलावरून कधी उतरलेला नाही. त्या गर्दीत मागून हात येतो तो एका सेकंदाचा खेळ असतो, वळून बघेपर्यंत चार जण सरळ चेहऱ्याने चाललेले असतात. त्याला तुमची प्रतिक्रिया हवीच नसते, तुम्ही गप्प राहाल हेच धरून तो आलेला असतो. दुर्लक्ष आम्ही करतच आलोय की. सॅक पाठीवरून काढून छातीशी घ्यायची, एक कोपर बाहेर, ओढणीची पिन हाताशी, भिंतीच्या बाजूने चालायचं. हे आम्हाला कोणी शिकवलं नाही, पुढे चालणाऱ्या बायकांकडे बघून शिकलो. माझ्या मैत्रिणींमध्ये बहुतेकींचा पहिला अनुभव शाळेच्या युनिफॉर्ममधला आहे. तेव्हा सगळ्यांनी दुर्लक्षच केलं होतं. थांबलं का?

बोलल्यावर काय होतं तेही सांगते. मध्यंतरी घोडबंदरच्या बाजूला जाणाऱ्या एका खच्चून भरलेल्या बसमध्ये होते. पुढे एक मुलगी, कानात इअरफोन, आणि तिच्या मागे एक चांगला इस्त्रीच्या शर्टातला गृहस्थ प्रत्येक ब्रेकला तिच्यावर येत होता, ब्रेक नसतानाही येत होता. ती वळून मोठ्याने म्हणाली, "नीट उभे राहा." त्यावर ठरलेलं उत्तर आलं, "गर्दी आहे, एवढं असेल तर रिक्षाने जायचं." कंडक्टर काय म्हणाला? "मॅडम, तुम्ही पुढे या, लेडीज सीटकडे." म्हणजे हललं कोणी पाहिजे, तर तिने. तेवढ्यात पायाशी भाजीच्या पिशव्या घेऊन बसलेल्या एक आजी तिथूनच ओरडल्या, "ती का सरकंल? त्याला उतरव की!" मग दोघी-तिघी बोलल्या, मीही बोलले, आणि गृहस्थ पुढच्या स्टॉपला पुटपुटत उतरले. दुर्लक्षाने थांबलं नाही, आजींनी थांबवलं.

आणि त्या कंडक्टरला कोणी सांगितलं नसेल म्हणून इथे सांगते. सुप्रीम कोर्टाने ३० नोव्हेंबर २०१२ ला एका निकालात ह्याच विषयावर आदेश दिलेत. केस तमिळनाडूतली, समुथिरम नावाने ओळखतात. त्यात स्पष्ट आहे की सार्वजनिक बसमध्ये असा प्रकार झाला आणि बाईने तक्रार केली तर ड्रायव्हर-कंडक्टरने गाडी जवळच्या पोलीस स्टेशनला न्यायची. न नेल्यास परमिट जाऊ शकतं. बस स्टॉप, रेल्वे स्टेशन, मॉल, थिएटर इथे साध्या वेशातल्या महिला पोलीस ठेवायच्या, सीसीटीव्ही लावायचे. बघणाऱ्यांनीही पोलिसांना कळवायचं हेही त्यात आहे. इतकी वर्षं झाली, ह्यातलं किती दिसतं ते तुम्हीच बघा, पण बाईने पुढे सरकावं असं कोर्टाने कुठेही म्हटलेलं नाही.

ह्याच निकालाने मेसेजचे अजून दोन मुद्दे निकालात निघतात. एक, उशीर, कपडे आणि एकटं फिरणं. त्या केसमधली बाई बस स्टँडवर शेजारी नवरा उभा असताना गाडीची वाट बघत होती. आणि त्रास देणारा कोण, तर पोलीस खात्यातलाच माणूस. आता ह्याहून अजून काय सांभाळून राहायचं? आपल्या ठाण्याचंच घ्या, ऑक्टोबर २०२२ मध्ये स्टेशनजवळ रिक्षावाल्याने एका मुलीची छेड काढली, तिने जाब विचारत त्याला धरलं तर त्याने रिक्षा पळवली आणि तिला फरफटत नेलं. तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. वेळ कुठली होती? सकाळची. कॉलेजला चालली होती. पकडला कसा, तर तक्रार झाली म्हणून, दुसऱ्या दिवशी दिघ्यातून. कपड्यांबद्दल मी लिहिणारच नाही, कंटाळा आलाय.

दोन, "सुटतात म्हणजे केस खोटी". समुथिरम, म्हणजे तोच पोलीसवाला, हाही खालच्या कोर्टात सुटला होता. का, तर तक्रार करणारा नवरा आणि ती बाई साक्षीच्या वेळी फिरले. सरकारी बाजूने मग बाकीचे महत्त्वाचे साक्षीदार तपासलेच नाहीत. खात्याने त्याला आधीच काढून टाकलं होतं, तो म्हणाला मी सुटलो आता नोकरी परत द्या, हायकोर्टात जिंकलाही. सुप्रीम कोर्ट म्हणालं ही काही सन्मानाने झालेली सुटका नाही, आणि बडतर्फी कायम ठेवली. साक्षीदार का फिरतात हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. तारखा, दबाव, घरच्यांचं "जाऊ दे ना आता". खोट्या तक्रारी कोणी करतच नाही असा माझा दावा नाही, खोट्या केसेस जमिनीच्या असतात, चेकच्या असतात, तशा ह्यातही असतील. पण सुटला की बाई खोटारडी हे गणित कुठून आलं?

हात उचलण्याबद्दल अर्धं मान्य करते, नाइलाजाने. कायद्याने स्वसंरक्षणाचा हक्क आहे, न्याय संहितेत कलम ३४ पासून पुढे सगळं तेच आहे, तेव्हा झटकलं, ढकललं, पिन टोचली म्हणून मुलगी गुन्हेगार ठरत नाही. तो पळायला लागल्यावर पाठलाग करून बदडणं मात्र त्यात बसत नाही. आणि धोका असतो हे खरंच आहे. २०११ साली अंधेरीत मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना अडवलं म्हणून कीनन सँटोस आणि रुबेन फर्नांडिस ह्या दोन पोरांचा जीव गेला, २०१६ ला चौघांना जन्मठेप झाली. म्हणून मी भाचीला "एकटीच भीड" कधीच सांगणार नाही. निर्जन जागी आधी निघून जा, माणसांत ये, मग ओरड. पण मेसेजने ह्यातून काढलेला अर्थ असा की सगळ्यांनी कायम तोंड बंद ठेवावं, तो मला मान्य नाही.

तो नंबर तर कमाल आहे. तो लुधियाना पोलिसांचा होता, डिसेंबर २०१९ मध्ये त्यांनी रात्री बायकांना घरी सोडायची सोय केली होती तेव्हाचा. मानपाड्याला रिक्षा मिळत नाही म्हणून पंजाबला फोन लावायचा! आपल्याला ११२ आहे, रेल्वेत १३९ आहे, एवढं पाठ करा.

आता ज्यांना खरंच जायचंय त्यांच्यासाठी. सगळं सुरळीत होईल असं सांगून मी फसवणार नाही. ७४ अजामीनपात्र आहे, पण नुसती शेरेबाजी किंवा इशारे असतील तर जामीन मिळतो आणि तो माणूस संध्याकाळी घरी असतो. तीन ते सात वर्षांच्या मधल्या शिक्षेचा गुन्हा असेल तर वरिष्ठांच्या परवानगीने पोलीस आधी चौदा दिवस प्राथमिक चौकशी करू शकतात, ती टाळाटाळच असते असं नाही. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, मागून घ्या. ठाण्यातल्या एका चौकीत माझ्या मैत्रिणीला "मॅडम, त्याचं करिअर खराब होईल" असं ऐकवलं होतं, तेव्हा तेही ऐकायची तयारी ठेवा. नोंदवूनच घेत नसतील तर लेखी अर्ज पोस्टाने पोलीस उपायुक्तांना पाठवायचा, तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. ७४ ची तक्रार लिहून घ्यायला नकार देणं हा त्या पोलिसाचाच गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम १९९, सहा महिने ते दोन वर्षं. हे भांडून नाही, शांतपणे सांगायचं, फरक पडतो. तारीख, वेळ, फलाट किंवा पुलाची कुठली बाजू, जवळ कुठलं दुकान, अंगावर कुठला शर्ट होता, जे आठवेल ते घरूनच कागदावर लिहून न्या, तिथे गेल्यावर सुचत नाही. आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, सही-शिक्क्यासकट. तोंडी "बघतो आम्ही" वर निघून आलात तर महिन्याने असा अर्ज आलाच नव्हता म्हणतात.