‘काचेचं ठिगळ’ या आक्षेपाबद्दल

इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: विटांच्या जुन्या कार्यालयापुढे काच-अॅल्युमिनिअमचा नवा दर्शनी भाग हे ठिगळ आहे, नुसता दिखावा आहे, तशाच विटांनी बांधलं असतं तर इमारत एकसंध दिसली असती.

विटांचं मला पटत नाही. वर्षानुवर्षं ऊन-पाऊस झेललेल्या विटेचा रंग नव्या भट्टीतून निघत नाही. नक्कल दुरून खपते, दारापाशी आलं की उघडी पडते. एकसंधपणा येतो तो रेषांमधून. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या न्यायालयाचं वाढीव बांधकाम बघा. गुन्नार आस्प्लुंड यांनी ते १९३७ साली पूर्ण केलं, तेव्हा त्यांच्यावर टीकेची झोड उठली होती. जुन्या अभिजात शैलीची नक्कल त्यांनी केली नाही, उलट नव्या इमारतीचा सांगाडा दर्शनी भागावर दिसू दिला; पण त्याची लय जुन्या इमारतीवरूनच घेतली. आपल्या आराखड्यातही नव्या आडव्या पट्ट्या जुन्या मजल्यांच्या पातळीवर आहेत आणि उभ्या पट्ट्या जुन्या खांबांच्या रेषेत. हे जुळलं नसतं, तर विटा लावूनही ते ठिगळच दिसलं असतं.

खरा कस लागतो तो जोडावर. जुना पाया बसून स्थिरावलेला असतो, नवा अजून थोडा बसणार असतो. दोन्ही घट्ट बांधले की तडे ठरलेले. म्हणून नव्या भागाला स्वतःचे खांब, स्वतःचा पाया, आणि मधल्या फटीवर सरकू शकणारी झाकणपट्टी. अॅल्युमिनिअमचंही तेच: १२ मीटरची सलग पट्टी तापमानातल्या ४० अंशांच्या फरकाने ११ मिलिमीटरहून जास्त लांबते, काँक्रीट त्याच्या साधारण निम्मंच. त्यामुळे पट्टी प्रत्येक मजल्यावर तोडलेली आहे. त्या फटी तुम्हाला खटकल्या, पण त्या मी झाकणार नाही.

पश्चिमेचं ऊन काचेतून थेट आत येईल, हे मात्र तुम्ही अगदी बरोबर बोललात. मावळतीकडे सूर्य खाली उतरलेला असतो, ऊन तिरपं आत घुसतं, आडवा छज्जा तिथे कुचकामी. म्हणूनच त्या बाजूला तिरक्या उभ्या झडपा आहेत आणि काच कमी.

राहिला दिखाव्याचा मुद्दा. जोतं ६० सेंटिमीटर उंच आहे. १:१२ उताराचा रॅम्प करायचा तर किमान ७.२ मीटर लांबी लागते, आणि जुन्या दारापुढे तेवढी जागाच नव्हती. नव्या भागात तो रॅम्प छताखाली येतो, त्यामुळे चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यालाही आता मागच्या दाराने जावं लागणार नाही.