गोव्यातला फ्लॅट रोजभाड्याने देताना

फ्लॅट असा रोजभाड्याने देण्याबद्दलच्या एका लेखात म्हटलंय की बुकिंगचं संकेतस्थळ जीएसटी भरतं, त्यामुळे मालकाला काहीच करायचं नाही. हे अर्धंच खरं. मालकाची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि त्याने जीएसटी नोंदणी केलेली नसेल, तरच तो कर जीएसटी कायद्याच्या कलम ९(५) प्रमाणे संकेतस्थळाच्या डोक्यावर येतो. हे २० लाख मोजताना त्याच पॅनवरचा दुसरा धंदा आणि राहण्यासाठी दिलेल्या घराचं करमुक्त भाडंसुद्धा धरतात. बहुतेक लोक इथेच गडबडतात.

दर २२ सप्टेंबर २०२५ पासून असा: एका युनिटचं एका रात्रीचं भाडं ७५०० पर्यंत असेल तर ५ टक्के (इनपुट क्रेडिट नाही, म्हणजे खर्चावर आधी भरलेला जीएसटी यातून वजा करता येत नाही), त्यापुढे १८. साफसफाईचे पैसे वेगळे दाखवले तरी तेही भाड्यातच मोजतात. म्हणजे ७२०० अधिक ५०० झाले ७७००, आणि कर थेट १३८६ रुपये. तेच एकूण ७४०० ठेवलं तर कर फक्त ३७०. सीझनमध्ये दर वाढवताना हे बघाच.

पर्यटन खात्याची नोंदणी मात्र कुठलंही संकेतस्थळ करून देत नाही. १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली ती मालकानेच करायची, एकच खोली दिली तरी. पाहुणा परदेशी असेल तर तो आल्यापासून २४ तासांत ऑनलाइन माहिती (लोक अजून ‘सी फॉर्म’च म्हणतात) भरायची. व्हिसाच्या पानाचा फोटो चेक-इनलाच काढून घ्या, पाहुणा एकदा समुद्रावर गेला की फोन उचलत नाही.