सी-प्लेन म्हणजे नक्की कुठलं विमान?

महाराष्ट्रात सी-प्लेनची बातमी दर दोन-चार वर्षांनी उगवते. 2014 मध्ये जुहू ते पवना धरण अशी सेवा निघाली. 2017 च्या डिसेंबरात गिरगाव चौपाटीसमोर चाचणी झाली, फोटो आले, मग सामसूम. 2024 मध्ये केंद्राने नियम सैल केल्यापासून गंगापूर, खिंडसी, पवना, गणपतीपुळे अशी नावं पुन्हा चर्चेत आहेत. एक बाजू पर्यटन म्हणते, दुसरी मच्छीमारांचं पोट. मी राहतो त्या कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या बंदरात ही विमानं रोज एसटीसारखी सुटतात, त्यामुळे इथून हा वाद वाचताना एकच गोष्ट खटकते: कुठल्या विमानाबद्दल बोलतोय, हे कुणीच सांगत नाही.

मराठीत ‘विमान’ या एका शब्दात सगळं बसतं आणि हेलिकॉप्टर मात्र बाहेर राहतं. कायद्याला ही तूट जाणवते, म्हणून 1934 च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेल्या नव्या कायद्याचं नाव ‘भारतीय वायुयान अधिनियम, 2024’ आहे. त्या हिंदी नावावरून संसदेत वाद झाला तो झाला, पण वायुयान म्हटलं की फुगा, ग्लायडर, हेलिकॉप्टर, विमान सगळे एका छपराखाली येतात. सी-प्लेनच्या पोटात मात्र तीन वेगळी यंत्रं आहेत आणि त्यांना वेगळं करणारा शब्द ना कायद्याच्या नावात आहे ना बातमीत.

पहिलं फ्लोटप्लेन. नेहमीच्या विमानाची चाकं काढून खाली दोन लांब पोकळ फ्लोट लावायचे. इथली बीव्हर आणि ऑटर नावाची छोटी विमानं अशीच. दुसरी उडती होडी: विमानाचं पोटच होडीचं, आणि पंखांखाली आधाराला छोटे फ्लोट, कोकणातल्या होडीच्या उलांडीसारखे. 1930 च्या दशकात इम्पीरियल एअरवेजच्या अशा होड्या कराची, राजसमंद, ग्वाल्हेर, अलाहाबाद करत कोलकात्याला जायच्या, म्हणजे हा प्रकार आपल्याला नवा नाहीच. तिसरं उभयचर: यांपैकी कुठल्याही सांगाड्याला आत ओढून घेता येणारी चाकं बसवलेलं. कॅनडात वणव्यावर पाणी टाकणारं पिवळं-लाल सीएल-415 हे होडी आणि उभयचर दोन्ही आहे; तळ्यावरून सरपटत बारा सेकंदांत सहा हजार लिटरच्या वर पाणी भरून घेतं.

हा काथ्याकूट भाषेपुरता नाही. कुठलं यंत्र निवडलं यावर धक्का, हँगर, वैमानिकाचं प्रशिक्षण आणि तिकिटाचा दर ठरतो. खाऱ्या पाण्यावर उडणाऱ्या विमानाला दिवसाच्या शेवटी गोड्या पाण्याने आंघोळ घालावी लागते. बाहेरून धुवायचं, दोन इंजिनांच्या ट्विन ऑटरच्या टर्बाइन इंजिनाच्या कॉम्प्रेसरमध्येही पाणी मारायचं. नाहीतर मीठ रिव्हेटच्या फटीत बसतं आणि ॲल्युमिनियमला भुकटी सुटते. उभयचर असेल तर ते जवळच्या विमानतळावर जाऊन चाकांवर उभं राहतं आणि काम होतं. नुसतं फ्लोटप्लेन असेल तर त्याला पाण्यातून ओढून काढायला उतरंड हवी, गाडा हवा, शेजारी कार्यशाळा हवी. गुजरातमधली साबरमती ते एकतानगर (केवडिया) सेवा 31 ऑक्टोबर 2020 ला सुरू झाली आणि देखभालीसाठी विमान मालदीवला पाठवावं लागलं. पुढच्या एप्रिलमध्ये सेवा बंदच पडली. एकतानगरच्या तळ्यातल्या मगरी हलवण्याची तयारी 2019 मध्येच झाली होती. विमान धुवायची-तपासायची सोय मात्र हजारो किलोमीटरवर.

उभयचराचीही किंमत आहे. चाकं, हायड्रॉलिक, कुलपं यांचं वजन काहीशे किलो, म्हणजे तेवढे प्रवासी कमी. आणि एक चूक जीवघेणी: चाकं खाली ठेवून पाण्यावर उतरणं. चाक पाण्यात अडकतं, विमान नाकावर पलटी होतं. उलट चाकं वर ठेवून धावपट्टीवर उतरलं तर फ्लोटचा तळ खरवडतो, बहुतेक वेळा माणसं चालत बाहेर येतात. म्हणून अनेक उभयचर फ्लोटच्या दर्शकात पाण्यासाठी चार निळे दिवे, जमिनीसाठी चार हिरवे असतात आणि वैमानिक ते मोठ्याने म्हणून खात्री करतो.

फ्लोटचं गणित साधं आहे. नियमाप्रमाणे प्रत्येक फ्लोटची तरंगशक्ती त्याच्या वाट्याच्या वजनाच्या 180 टक्के हवी आणि आत किमान चार बंद कप्पे. प्रत्येक कप्प्याला वरून रबरी बूच असतं. सकाळी पहिल्या उड्डाणाआधी हातपंप लावून पाणी उपसायचं आणि दट्टे मोजायचे. काल पाच-सहा दट्ट्यांत कोरडा होणारा कप्पा आज तीस मागू लागला, तर कुठेतरी सांधा सुटलाय. मागच्या कप्प्यात चाळीस लिटर राहिलं, तर शेपटीकडे चाळीस किलोचं न नोंदवलेलं सामान घेऊन उडाल्यासारखं.

लाटांची भीती सगळ्यांना असते. जाणकार मात्र आरशासारख्या शांत पाण्याला जास्त घाबरतात, कारण पृष्ठभाग किती खाली आहे हे डोळ्याला कळत नाही. मग नाक आणि इंजिनाची शक्ती ठरवून मिनिटाला दीडशे फूट इतक्या संथ गतीने, पाणी लागेपर्यंत उतरत राहायचं. त्याला लांबच लांब मोकळं पाणी लागतं. हिवाळ्यातल्या सकाळी पवना तसंच असतं, आणि पर्यटकांचं आवडतं वेळापत्रकही तेच.

मच्छीमारांच्या विरोधाला आडमुठेपणा म्हणणं मला पटत नाही. केरळात 2013 मध्ये असाच विरोध झाला आणि योजना बारगळली. व्हँकुव्हरला बंदरासाठी वेगळा नियंत्रण मनोरा आहे, विमानांचा पट्टा नौकानकाशावर छापलेला आहे, तरी 8 जून 2024 ला उड्डाण घेत असलेलं बीव्हर एका बोटीवर आदळलं आणि बोटीतले लोक जखमी झाले. डोलीच्या जाळ्यांचे खुंटे रोवलेल्या खाडीत, कुणाचा पट्टा कुठे हे लिहिलेलं नसताना, काय होईल?

इथली सेवा टिकली ती भूगोलामुळे. व्हँकुव्हरहून व्हिक्टोरियाला जाणारी फेरीबोटच 1 तास 35 मिनिटांची, वर दोन्हीकडचा रस्ता वेगळा. विमान शहराच्या मध्यातून मध्यात 35 मिनिटांत पोचवतं. मुंबई ते मांडवा रो-रो साधारण तासाभरात जाते, त्यामुळे अलिबागसाठी सी-प्लेनचा हट्ट मला तरी कळत नाही. शिवाय ही विमानं इथे दिवसाउजेडी, नजरेने बघतच उडतात. जून ते सप्टेंबर कोकण किनारा त्यांना बंदच समजा.

2009 मध्ये सॅटर्ना बेटाजवळ बीव्हर पाण्यात आदळून बुडालं, आठपैकी सहाजण आतच बुडाले. चारपैकी दोन दारं अडकली होती. त्यानंतर कॅनडाने वैमानिकांना बुडत्या केबिनमधून सुटण्याचं प्रशिक्षण आणि प्रवाशांना लाइफ जॅकेट अंगावर घालणं सक्तीचं केलं, पण त्यात दहा वर्षं गेली. जॅकेट फुगवायचं बाहेर पडल्यावरच. आत फुगवलं तर माणूस छताला चिकटतो. आपल्या निविदेत मला हे वाक्य आधी हवंय, धक्क्याच्या रोषणाईचं नंतर.

महाराष्ट्रात करायचंच असेल तर उभयचर, विमानतळावर मुक्काम, आणि धरण फक्त दिवसाचा थांबा. त्यातही पवना समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरवर, मे महिन्यातली हवा विरळ, म्हणजे उड्डाणाला पाणी जास्त लागणार. आणि नेमकं तेव्हाच धरण खाली गेलेलं असतं, ऑक्टोबरात बांधलेला तरंगता धक्का चिखलात कलंडलेला.